कुंडलीचं सॉफ्टवेअर नीट वापरायचं तर

जन्मतारीख टाकली की पन्नास पानी पत्रिका तयार, अशी फुकट ॲप आता ढिगाने आहेत. ती पन्नास पानं आधी बाजूला ठेवा. ग्रहगणितात हल्लीच्या सॉफ्टवेअरची चूक क्वचित निघते. चूक निघते ती आपण भरलेल्या माहितीत आणि कधीच न उघडलेल्या सेटिंगमध्ये. संगणक असेल तर 'जगन्नाथ होरा' मोफत मिळतं, पण पुढच्या पायऱ्या कुठेही चालतील.

१. तारीख तपासा. आजी सांगते, "सोमवारी रात्री दोनला झाला." पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तिचं बरोबरच. सॉफ्टवेअरला मात्र मंगळवारची तारीख हवी. "त्या रात्रीनंतर उजाडला तो वार कोणता?" असं विचारलं की घोळ मिटतो.

२. गाव यादीतून निवडल्यावर अक्षांश-रेखांश वाचा. छत्रपती संभाजीनगर सापडलं नाही म्हणून 'औरंगाबाद' निवडलंत, तर बिहारचं औरंगाबाद लागू शकतं. रेखांशात ९ अंशांचा फरक, म्हणजे स्थानिक वेळेत ३६ मिनिटं. लग्नराशी (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) बदलायला तेवढं पुरतं.

३. घरातल्या वडीलधाऱ्यांची पत्रिका करताना घड्याळ कोणतं होतं ते बघा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभर घड्याळं एक तास पुढे होती. त्या काळातल्या जन्माला ५:३० ऐवजी ६:३० असा टाइमझोन द्यावा लागतो. माझ्या एका काकांची लग्नरास आम्ही वर्षानुवर्षं तूळ धरून चाललो होतो, तास वजा केल्यावर ती कन्या निघाली. मुंबईत तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ'ही १९५५ पर्यंत काही ठिकाणी चालू होती.

४. आता अयनांश, म्हणजे सायन (वसंतसंपातापासून मोजलेलं) आणि निरयन (ताऱ्यांवरून मोजलेलं) राशिचक्र यांतलं अंतर. ही सेटिंग सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेकांनी पाहिलेलीही नसते. परदेशी ॲप बहुधा सायन पद्धतीवर असतं, तिथे ग्रह सुमारे २४ अंश पुढे दिसतात. निरयनमध्येही लाहिरी, कृष्णमूर्ती, रामन असे अयनांशाचे पर्याय आहेत. लाहिरी आणि कृष्णमूर्ती यांत फरक जेमतेम ६ कलांचा (६० कला म्हणजे १ अंश). पण शुक्राची २० वर्षांची महादशा (आयुष्यातला शुक्राच्या अंमलाचा काळ) चंद्राच्या एका नक्षत्रावर, ८०० कलांवर पसरलेली असते, म्हणजे एका कलेला ९ दिवस. त्या ६ कलांनी शुक्राची दशा जवळपास ५५ दिवस सरकते. रामन निवडलंत तर दोन वर्षांहून जास्त.

घरच्या पंचांगाशी जुळवायचं असेल तर आजचं नक्षत्र किती वाजता संपतं ते दोन्हीकडे पाहा. दाते पंचांग चित्रापक्षाचं (लाहिरीसारखंच चित्रा ताऱ्यावरून मोजणारं), त्यामुळे लाहिरीवर वेळा मिनिटांच्या फरकाने जुळायला हव्यात. टिळक पंचांग रेवतीपक्षाचं (रेवती ताऱ्यावरून मोजणारं), अयनांशात सुमारे ४ अंशांचा फरक, म्हणून नक्षत्र सहा ते आठ तास आधी संपलेलं दिसेल. तिथी जुळली म्हणून मात्र खूश होऊ नका. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं अंतर, अयनांश कोणताही घ्या, ती तीच येणार.

५. दशेचं वर्ष ३६५.२५ दिवसांचं आहे की ३६० चं, तेही पाहून घ्या. चाळिशीत हा फरक सात महिन्यांवर जातो. राहूचं स्थान मध्यम (सरासरी गतीचं) घ्यायचं की स्पष्ट (प्रत्यक्ष), हे एकदा ठरवा आणि सगळ्या पत्रिकांना तेच ठेवा.

६. शेवटी एक खेळ करा. तीच पत्रिका जन्मवेळेत पाच मिनिटं कमी आणि पाच मिनिटं जास्त करून आणखी दोनदा सेव्ह करा आणि तिन्ही शेजारी उघडा. नवमांश लग्न (राशीचे नऊ भाग करून काढलेलं) साधारण १३ मिनिटांत बदलतं, षष्ट्यंश लग्न (साठ भाग करून काढलेलं) २ मिनिटांत. दाखल्यावर 'सकाळी १०:३०' लिहिलं असेल तर नर्सने घड्याळाकडे कधी पाहिलं कोण जाणे. तिन्ही पत्रिकांत जे जागचं हललं नाही तेवढंच वाचा. षष्ट्यंशावर बोलणाऱ्या ज्योतिषाला आधी जन्मवेळ कुठून घेतली ते विचारा.