सायकलगाडीवरून वस्तीत ताजी भाजी कशी विकावी

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत आतल्या इमारतींखाली वेफर्सचे पाकीट सहज मिळते, पण कोवळ्या मेथीची जुडी हवी असेल तर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जावे लागते. वाशीची घाऊक भाजी मंडई मात्र खाडीपलीकडे, हार्बर मार्गावर एका स्थानकाच्या अंतरावर आहे. जिथे टेम्पो वळत नाही आणि हातगाडी ढकलून माणूस थकतो, तिथे पायडलची तीनचाकी गाडी दारापर्यंत पोहोचते.

गाडी घेण्याआधी आठवडाभर वही घेऊन वस्तीत फिरावे. पाणी किती वाजता येते, घरकामाला गेलेल्या बायका कधी परततात आणि कोणत्या गल्लीत गाडी वळवता येते, हे लिहून ठेवावे. नळाला पाणी आले की कोणीही भाजी घ्यायला थांबत नाही, ही गोष्ट नव्या विक्रेत्याच्या लक्षातच येत नाही. गोवंडी-मानखुर्दचा बराच भाग सपाट असल्याने तिथे पायडल मारणे जमते; घाटकोपरच्या असल्फासारख्या डोंगरउतारावरच्या वस्तीत भरलेली गाडी नेण्याचा हट्ट धरू नये.

जुनी गाडी घेतली तरी चालते, मात्र ब्रेक, चेन आणि मागची दोन्ही चाके स्वतः तपासावीत. सुरुवातीला साठ-सत्तर किलोंपेक्षा जास्त माल लादू नये. कांदे-बटाटे तळाशी, चाकांच्या दांड्यावर येतील असे ठेवावेत, टोमॅटो क्रेटमध्ये आणि पालेभाजी सर्वांत वर असावी. पिकलेली केळी पालेभाजीशेजारी ठेवल्यास त्यांच्यातून निघणाऱ्या वायूमुळे पाने लवकर पिवळी पडतात.

पालेभाजीबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण नुकसान बहुधा तिथेच होते. पहिल्या आठवड्यात मी मेथीच्या जुड्या एकावर एक रचून वर ताडपत्री घट्ट बांधली होती; दुपारी हात घातला तेव्हा रास आतून कोमट लागली आणि मधली पाने पिवळी पडलेली होती. त्यानंतर मी जुड्या उभ्या, सुट्या ठेवू लागलो आणि त्यांवर ओले पण पिळलेले गोणपाट टाकू लागलो. पाणी सारखे शिंपडल्याने भाजी ताजी दिसते, पण देठ कुजू लागतात. पावसाळ्यात तर पालेभाजी रोजच्या निम्मीच घ्यावी.

वाशीची खरेदी मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आत उरकावी लागते. एकट्याला पूर्ण क्रेट किंवा गोणी पेलवत नसेल तर तीन-चार विक्रेत्यांनी मिळून माल घ्यावा आणि टेम्पोचे भाडे वाटून घ्यावे. माल थोडा असेल तर पास काढून लोकलच्या मालडब्यातूनही आणता येतो. भाव ठरवताना तूट धरावी. समजा, वीस रुपये किलोने दहा किलो टोमॅटो घेतले, हमाली आणि भाड्याचे वीस रुपये पडले आणि एक किलो माल खराब निघाला, तर उरलेल्या नऊ किलोंचा खर्च किलोला साडेचोवीस रुपयांच्या आसपास जातो. वीस रुपयांची खरेदी मनात धरून पंचवीसला विकणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

रोजच्या मजुरीवर घर चालणाऱ्या वस्तीत किलोचा भाव ओरडण्यापेक्षा वाटे लावणे उपयोगी पडते. दहा किंवा वीस रुपयांचा वाटा, त्यात चार भेंड्या जास्त आणि वर मिरची-कोथिंबिरीची चिमूट, एवढे दिसले की मावशी पदराची गाठ सोडतात. वाट्यात वर चांगला आणि खाली डागी माल कधीही लावू नये. डागी माल वेगळा ठेवून, तसे स्पष्ट सांगून, कमी भावात द्यावा. जे तोलून द्यायचे त्यासाठी वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलाच काटा वापरावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. प्लॅस्टिकच्या पिशव्या राज्यात 2018 पासून बंद आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाला घरची पिशवी किंवा टोपली आणण्याची सवय लावावी.

परवान्याची चौकशी महापालिकेच्या विभाग कार्यालयातील अनुज्ञापन खात्यात करावी. पथविक्रेत्यांसाठीच्या 2014 च्या कायद्यात फिरत्या विक्रेत्याच्या प्रमाणपत्राचा वेगळा प्रकार आहे. त्याच कायद्यानुसार माल जप्त झाल्यास त्याची यादी मिळायला हवी, आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत मिळायला हवा. यादी मागायला संकोच करू नये. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये रेल्वे स्थानकापासून 150 मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळांपासून 100 मीटरची मर्यादा सांगितली होती, म्हणून फेरीचा मार्ग आखताना ही ठिकाणे वगळावीत.

मार्ग आणि वेळ एकदा ठरली की मोडू नये. सकाळी भवानी ज्या इमारतीखाली होते, तिथे रोज त्याच सुमारास घंटी वाजली पाहिजे, कारण त्या भरवशावर तिथली ताई बाजारात जाणे टाळते. एक दिवस जाता येणार नसेल तर आदल्या दिवशीच सांगावे. उधारी द्यायची असल्यास मर्यादा ठरवून, गिऱ्हाइकासमोर वहीत लिहावी. त्याच वहीच्या मागच्या पानावर अळू, शेवगा, लाल माठ असे कोणी काय मागितले आणि गाडीवर नव्हते, ते नोंदवावे. रात्री वाशीला निघताना खिशात ते पान असावे.