इंग्रजीतून तुलना करताना या चुका टाळा

खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या मराठी शाळांतली मुलं एसएसएलसीपर्यंत, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीपर्यंत, 'हॉट, हॉटर, हॉटेस्ट' घोकून पक्कं करतात. रूपं सहसा चुकत नाहीत. चुकते शब्दाची जागा, आणि मग वाक्याचा अर्थच पालटतो.

सगळ्यात मोठा घोळ 'ईव्हन'चा. मराठीतला 'ही' किंवा 'सुद्धा' शब्दाला चिकटलेला असतो; शब्द वाक्यात कुठेही हलवा, तो सोबत जातो. इंग्रजीत 'ईव्हन' बहुतेक वेळा ज्याच्या आधी येतो त्याच्यावर जोर देतो. 'अथणी इज ईव्हन हॉटर दॅन चिकोडी' म्हणजे चिकोडी तापतेच, अथणी त्याहून जास्त. 'ईव्हन अथणी इज हॉटर दॅन चिकोडी' लिहिलंत, तर अथणी एरवी थंड गाव, पण तेसुद्धा चिकोडीपेक्षा गरम, असं होतं. अथणीचा उन्हाळा सोसलेला कुणी हे म्हणणार नाही. सांगायचं पहिलंच असेल, तर 'ईव्हन' थेट 'हॉटर'च्या आधी हवा.

अर्जात हमखास दिसणारं वाक्य: 'वी नीड मोर एक्स्पीरिअन्स्ड टीचर्स.' अनुभवी शिक्षकांची संख्या वाढवायची आहे, की आहेत त्यांच्याहून जास्त अनुभवी हवेत? वाचणारा अधिकारी हवा तो अर्थ घेईल. संख्या हवी तर 'मोर टीचर्स विथ एक्स्पीरिअन्स', अनुभव जास्त हवा तर 'टीचर्स विथ मोर एक्स्पीरिअन्स' लिहा. 'मोर' कुणाचा, ते लगेच कळतं.

'कम्पेअर्ड टु बेळगाव, द रेन इन खानापूर इज हेवी' इथे गावाची तुलना पावसाशी झाली. सुरुवातीचा तुकडा स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला लागतो आणि इथे कर्ता आहे 'द रेन'. 'द रेन इन खानापूर इज हेविअर दॅन दॅट इन बेळगाव' हे बरोबर. यातला 'दॅट' गाळू नका. तो पावसाच्या जागी आलाय.

'शी हेल्प्स मी मोर दॅन माय ब्रदर' हेही दुहेरी. भाऊ कमी मदत करतो, की ती भावाला कमी करते? पहिल्या अर्थासाठी शेवटी 'डझ' जोडा. दुसऱ्यासाठी 'दॅन शी हेल्प्स माय ब्रदर' असं पूर्ण लिहा. दोन शब्द वाढले तरी चालतील.

वाक्य तपासताना 'दॅन'खाली रेघ ओढा आणि दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या गोष्टी आहेत का ते बघा: पाऊस-पाऊस, गाव-गाव. शिवाय 'खानापूर इज ग्रीनर दॅन एनी तालुक इन द डिस्ट्रिक्ट' यात खानापूर स्वतःपेक्षाच हिरवं ठरतं, म्हणून 'एनी'नंतर 'अदर' घाला.