दोन खोल्यांच्या घरात एरिक्सन

संमोहनाने उपचार करणारे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांच्या केसकथा वाचून भारावलेले विद्यार्थी मला अधूनमधून भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यातला उत्साह ऐकताना मला माझेच पहिले वर्ष आठवते. मानसशास्त्रात एम.ए. करून मी एका समुपदेशन केंद्रात पर्यवेक्षणाखाली काम करू लागले होते आणि दोन वाक्यांत माणूस बदलण्याची विद्या आपल्याला सापडली आहे, अशी माझी समजूत झाली होती. संमोहन म्हणजे डोळ्यांसमोर लोलक हलवणे नव्हे, हे आपल्याला ठाऊक असेलच. एरिक्सन तर पुष्कळदा साध्या गप्पांतून, गोष्टींतून, आणि समोरच्याने आणलेल्या हट्टाचा किंवा लक्षणाचाच उपयोग करून काम करीत. म्हणून त्या मूलभूत भागात शिरत नाही. ज्या खड्ड्यात मी पडले, तेवढाच दाखवते.

एरिक्सन १९४८ साली ॲरिझोनातील फिनिक्सला स्थायिक झाले आणि पुढे घरीच रुग्ण पाहू लागले. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांच्या संज्ञापनविषयक प्रकल्पात काम करणारे जे (Jay) हेली आणि जॉन वीकलंड १९५०च्या दशकात त्यांच्याकडे जाऊन तासन्‌तास चर्चा करीत. हेली यांनी १९७३ साली या केसकथा ज्या पुस्तकात मांडल्या, त्यात त्यांचा क्रम तंत्रांनुसार नसून कुटुंबाच्या आयुष्यातील टप्प्यांनुसार आहे. जोडीदार शोधण्याचा काळ, विवाह, मुलांचा जन्म, संसाराची मधली वर्षे, मुले मोठी होऊन दूर जाणे आणि वार्धक्य, असा तो क्रम आहे. यांतल्या पाचव्या टप्प्याची कल्पना मला आजही फार मार्मिक वाटते, कारण हेली यांच्या मते तेथे दूध तोडायचे असते ते मुलांचे नव्हे, तर आईवडिलांचे. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना कुटुंब अडते तेथे लक्षण उगवते, हे त्या मांडणीचे सूत्र. मी ते पाठ केले होते, आणि पाठ केल्यामुळेच फसले.

निद्रानाश झालेल्या एका विधुराची कथा आपण वाचली असेल. वय पासष्ट, पत्नी वारलेली, मुलासोबत राहणारा हा गृहस्थ रात्री जेमतेम दोन तास झोपत असे. एरिक्सन यांनी त्याला विचारले की, आठ तासांची झोप गमवावी लागणारा उपाय करायला तुमची तयारी आहे का. त्याने होकार दिल्यावर, त्याला ज्या कामाचा तिटकारा होता ते काम, म्हणजे जमिनीला मेण लावून ती घासण्याचे काम, चार रात्री सलग करायला सांगितले. रोजची दोन तासांची झोप गमावायची, म्हणजे चार रात्रींचे आठ तास झाले. तीन रात्री त्याने जमीन घासली आणि चौथ्या रात्री डोळ्यांना थोडा विसावा द्यावा म्हणून आडवा झाला, तो सकाळीच उठला.

माझ्याकडे नुकतेच सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ आले. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) झोप येत नाही, ही तक्रार होती आणि भांडी घासण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. मला आणखी काय हवे होते? वार्धक्याचा टप्पा, निद्रानाश, नावडते काम, सारे जुळले होते. मी त्यांची संमती घेतली आणि माळ्यावरची पितळी भांडी रात्री काढून चिंचेने लख्ख घासायचे काम त्यांना दिले. पहिल्या रात्री तांब्या हातातून पडला आणि दीड महिन्याचे नातवंड जागे झाले. दुसऱ्या रात्री, निवृत्त माणूस भांडी घासतो हे पाहवेना म्हणून त्यांच्या पत्नीने काम स्वतःकडे घेतले आणि ते बाजूला बसून राहिले. तिसऱ्या रात्री बाळ, सून, मुलगा, पत्नी आणि ते स्वतः असे पाचही जण जागे होते. चौथी रात्र आली नाही, आणि ते कुटुंब माझ्याकडे पुन्हा आले नाही.

मी रडवेली होऊन माझ्या पर्यवेक्षक मॅडमकडे गेले, तेव्हा त्यांनी तंत्राविषयी अवाक्षरही काढले नाही. माझ्यापुढे कोरा कागद सरकवून त्या एवढेच म्हणाल्या, "त्यांचं घर काढून दाखव. रात्री कोण कुठे झोपतं?" मला काढता आले नाही. मी विचारलेच नव्हते.

हा भाग मी जरा ताणून सांगणार आहे, कारण चूक येथे आहे. मी टप्पा माणसाचा मोजला, घराचा मोजला नाही. हेली यांची मांडणी ज्या अमेरिकी मध्यमवर्गीय कुटुंबांवर बेतलेली आहे, तेथे मूल मोठे झाले की घर सोडते आणि टप्पे बऱ्याच अंशी एकामागून एक येतात. आपल्याकडे दोन खोल्यांत सासऱ्यांची निवृत्ती, सुनेचे बाळंतपण आणि धाकट्या दिरासाठी स्थळे पाहणे हे एकाच महिन्यात चालू असते. त्यामुळे एकाच्या टप्प्यावर दिलेला उपाय दुसऱ्याच्या टप्प्यावर जाऊन आदळतो. सव्वीस वर्षांचा मुलगा आईवडिलांजवळ राहतो एवढ्यावरून तो अडलेला आहे, असा निष्कर्ष काढणे हीदेखील याच जातीची चूक, आणि तीही मी केलेली आहे. एरिक्सन यांच्या गोष्टीतला विधुर मुलासोबत राहत होता, हे वाक्य मी किती वेळा वाचले असेन, पण घरातली माणसे नजरेआड करून मी फक्त युक्ती उचलली.

दोन दिवसांत संमोहनतज्ज्ञ करून देणाऱ्या प्रमाणपत्रवर्गांना पैसे देऊ नका, असे मी स्पष्टच सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते आणि कोणताही शनिवार-रविवार त्याला पर्याय नाही. स्वतःच्या चमत्कारांच्याच कथा सांगणाऱ्या गुरूंपासूनही दूर राहावे. तुमचे बोलणे मध्येच तोडून "हे तुला कसं कळलं?" असे विचारणारा मार्गदर्शक मिळाला, तर मात्र त्याला सोडू नका. केसकथांबाबतही हेच धोरण ठेवावे. त्यांत यश अधिक असते, आणि यशापूर्वी किती वेळ नुसते पाहण्यात गेला, हे बहुधा गाळलेले असते. सतराव्या वर्षी पोलिओने खिळलेले एरिक्सन अंथरुणावर पडून बहिणींचे बोलणे न्याहाळीत असत. त्यांच्या तोंडचा होकार खरा कधी आणि नकार कधी, हे ते तेथे शिकले. ते वर्ष कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

तरीही घाबरून हे वाचन सोडू नये. चुकीच्या उपायाने कुटुंबे लगेच मोडून पडत नाहीत, ती माझ्या कल्पनेपेक्षा चिवट निघाली. काही महिन्यांनी मी त्या घरी दूरध्वनी केला, तेव्हा सुनेने सांगितले की बाळ दोन वाजता उठते तेव्हा बाबाच त्याला घेऊन बसतात, त्यामुळे तिला झोप मिळते. बाबांना झोप लागते का, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, "ते आता विचारतच नाहीत." यात माझे श्रेय काहीही नाही.

अलीकडे पहिल्या सत्रात मी कोणताही उपाय देत नाही. समोरच्या व्यक्तीकडे कागद देते, घराचा आराखडा काढायला सांगते, प्रत्येक अंथरुणाशेजारी माणसाचे नाव आणि वय लिहवून घेते, आणि त्या वर्षात घरात कोण आले, कोण गेले, कोणाचे काम सुटले किंवा लागले, ते विचारते. याला पाऊण तास लागतो. काही जण वैतागतात, आणि ते नेमके कोणत्या अंथरुणापाशी वैतागले, त्याचीही मी वहीत नोंद करते.