विमान कंपनीत अर्ज करताना आधीच्या विमानांवरील अनुभव कसा मांडावा

वैमानिकाच्या अर्जात एकूण उड्डाणतासांचा आकडा ठळक लिहिण्याची पद्धत आहे. मात्र भरती विभागाची नजर आधी जाते ती हे तास कोणत्या विमानावर झाले आणि शेवटचे उड्डाण केव्हा झाले याकडे. म्हणून लॉगबुकातील तासांची प्रथम विभागणी करावी: एक इंजिन, दोन इंजिने, टर्बोप्रॉप (पंख्याचे टर्बाइन विमान), जेट, कॅप्टन म्हणून किती, सहवैमानिक म्हणून किती, रात्रीचे आणि गेल्या 12 महिन्यांतील तास वेगळे. कागदी लॉगबुक आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरील नोंदी यांत तफावत असल्यास ती अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी.

त्यानंतर पाहावे ते आपल्या परवान्यावरील टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता. एअरबस ए320 चे रेटिंग ए319 आणि ए321 यांनाही चालते, तर बोइंग 737 च्या आधीच्या पिढीवरून नव्या मॅक्सवर जाताना केवळ फरकांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पण एअरबसवरून बोइंगवर जायचे तर संपूर्ण अभ्यासक्रम नव्याने करावा लागतो. गो फर्स्ट या विमान कंपनीची उड्डाणे मे 2023 मध्ये थांबली, तेव्हा तिच्या ए320 वैमानिकांचे रेटिंग इंडिगो आणि एअर इंडियाच्या ताफ्यात जसेच्या तसे उपयोगी होते. सर्व विमाने 737 मॅक्स असलेल्या अकासा या कंपनीकडे मात्र त्यांना पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागली असती. वैमानिक तेच आणि तासही तेवढेच असले, तरी एका कंपनीला त्यांच्यावर काही दिवस खर्चावे लागतात आणि दुसरीला काही महिने.

बारामती किंवा गोंदियातील उड्डाण प्रशिक्षण संस्थेतून 200 तासांवर व्यावसायिक परवाना घेऊन बाहेर पडणाऱ्या नवोदिताने, हातात लेखी नियुक्तीपत्र नसताना, स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंडिगोने जून 2023 मध्ये ए320 कुटुंबातील 500 विमानांची मागणी नोंदवली, हे खरे. पण त्या भरवशावर लाखो रुपये खर्चून मिळवलेले आणि वापराविना शिळे झालेले रेटिंग अर्जाला फारसा उठाव देत नाही.

खरी कसोटी सिम्युलेटरमध्ये (जमिनीवरील आभासी कॉकपिटमध्ये) लागते, कारण ताण आला की हात जुन्या विमानाच्या सवयीने चालतात. 737 मध्ये ऑटोथ्रॉटल (इंजिनाची शक्ती आपोआप राखणारी यंत्रणा) चालू असताना शक्तीचे लिव्हर स्वतः पुढेमागे सरकतात आणि तळहाताला इंजिनाचा बदल कळतो. ए320 मध्ये उड्डाणानंतर लिव्हर क्लाइंब खाचेत ठेवले की, सारे सुरळीत असल्यास, उतरताना ‘रिटार्ड’ (लिव्हर मागे घ्या) अशी हाक येईपर्यंत ते हलत नाहीत. शक्ती वाढली की घटली हे पडद्यावर डोळ्यांनीच वाचावे लागते. 737 मध्ये गुडघ्याशेजारी खडखडत फिरणारे ट्रिमचे (विमानाचा तोल साधण्याचे) चाक सतत आपले अस्तित्व जाणवून देते, तर ए320 मध्ये हे काम एरवी विमान आपण होऊन करते. 737 मधील योक (सुकाणूसारखे हँडल) दोघांचे जोडलेले असल्याने सहकाऱ्याचा हात जाणवतो. ए320 मधील साइडस्टिक (बाजूच्या छोट्या दांड्या) जोडलेल्या नसतात आणि दोघांनी एकदम हलवल्यास ‘ड्युअल इनपुट’ असा इशारा ऐकू येतो. म्हणून विमान बदलणाऱ्याने पुस्तक उघडण्यापूर्वी स्वतःच्या अशा सवयींची यादी करावी आणि प्रत्येकीसमोर नव्या विमानात डोळा व हात कोठे असावा ते लिहावे. घरी कॉकपिटचे कागदी चित्र भिंतीवर लावून केलेला हा सराव बाळबोध वाटला, तरी सिम्युलेटरमधील महागडे तास वाचवतो.

एटीआर या टर्बोप्रॉप विमानावरील वैमानिकाने लहान धावपट्ट्यांचा आणि प्रत्यक्ष हाताने विमान हाताळण्याचा अनुभव अवश्य मांडावा. जेटचा वेग आणि उंचीवरून खाली येण्याचे गणित यांचा अभ्यास मात्र आधीच करून जावे. नौदलाचे पी-8आय हे टेहळणी विमान 737-800 वर आधारित असल्याने त्यावरील वैमानिकाला बोइंगचे कॉकपिट परके नसते. एकासनी लढाऊ विमानातून येणाऱ्याने मनातला निर्णय सहकाऱ्याला मोठ्याने सांगण्याची सवय लावून घ्यावी.

मुलाखतीत ‘आमच्या विमानात असे नव्हते’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे. रुजू होण्याची तारीख देण्यापूर्वी डीजीसीएच्या 2017 च्या तरतुदीतील, नोकरी सोडतानाचा सूचना-कालावधी मोजावा: सहवैमानिकाला 6 महिने, कॅप्टनला 1 वर्ष. या काळात उड्डाणे कमी मिळू लागली, तर 90 दिवसांत 3 उड्डाणे आणि 3 अवतरणे ही अट मोडत नाही ना, हे दर महिन्याला लॉगबुक उघडून तपासत राहावे.