डोक्यावरचं विमान एएन-१२४ आहे का?

एएन-१२४ म्हणजे अँतोनोव्हचं चार इंजिनांचं महाकाय मालवाहू विमान. पण पंखाखाली चार इंजिनं दिसली की लगेच ‘अँतोनोव्ह’ म्हणू नका. अनेकदा ते बोइंग ७४७ चं मालवाहू विमान असतं. आधी पंख कुठून निघतात ते बघा. ७४७ चे पोटाजवळून निघतात आणि टोकाकडे वर जातात. एएन-१२४ चे पाठीवरून निघून खाली झुकतात.

पाठीवर पंख असले तर शेपूट तपासा. आडवी शेपटी उभ्या पात्याच्या माथ्यावर असेल, तर ते आयएल-७६, सी-१७ किंवा सी-५ यांपैकी एखादं लष्करी मालवाहू विमान. एएन-१२४ ची आडवी शेपटी धडालाच जोडलेली असते. सी-१७ च्या पंखांची टोकं वर वळलेली असतात. आयएल-७६ च्या नाकाखाली काचा असतात. आपल्या वायुदलाकडे ही दोन्ही आहेत, त्यामुळे घोळ इथेच होतो.

विमान उतरत असेल तर चाकं मोजा: एएन-१२४ ला २४, सी-५ ला २८. फोटोसाठी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. १० किलोमीटर उंचीवरच्या विमानासाठी १०×५० ची दुर्बीण पुरते, पण कोपर कठड्याला टेकवा, नाहीतर हातच हलतो.

शेवटी विमानांचा माग दाखवणाऱ्या ट्रॅकिंग ॲपवर ‘ए१२४’ हा प्रकार-कोड बघा. लष्करी विमानं तिथे अनेकदा दिसतच नाहीत, म्हणून ॲप रिकामं म्हणजे आकाश रिकामं नव्हे. आणि अँतोनोव्हचंच, याहून मोठं, सहा इंजिनांचं एएन-२२५ दिसल्याचा कुणी दावा केला, तर फोटो जुना समजा. ते २०२२ मध्ये युक्रेनमधल्या होस्तोमेल विमानतळावर नष्ट झालं.