टाकी भरली की लाल जाऊन हिरवा: दोन ट्रान्झिस्टरांचे सर्किट

शेतीपंपाला रात्रीची लाईन असली, की वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत टाकी भरली का हे पाहायला अंधारात शिडी चढावी लागते. ती चढण टाळणारे हे सर्किट आहे: टाकी भरेपर्यंत लाल एलईडी लागलेला राहतो आणि पाणी काठाशी आले की तो विझून हिरवा लागतो. एकाच एलईडीवर काम भागवू नये, कारण तो विझलेला दिसला तर टाकी भरायची आहे की बॅटरी उतरली आहे, हे कळत नाही.

वीज फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यावी. २३० व्होल्टची लाईन सर्किटाजवळ आणूच नये. बीसी ५४७ हे दोन ट्रान्झिस्टर लागतात. ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचा विजेचा स्विच: बेसला थोडा प्रवाह मिळाला, की कलेक्टरकडून एमिटरकडे मोठा प्रवाह वाहतो. चपटी बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दोन्ही एमिटर निगेटिव्हला जोडावेत. पॉझिटिव्हपासून १ किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा रोध) व हिरवा एलईडी पहिल्याच्या कलेक्टरला, तसाच वेगळा रेझिस्टर व लाल एलईडी दुसऱ्याच्या कलेक्टरला न्यावा. एलईडीचा लांब पाय पॉझिटिव्हकडे असावा. एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेल्या १० व्होल्टमुळे १० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि तेवढा पुरतो.

टाकीच्या काठाशी स्टेनलेस स्टीलच्या दोन सळ्या टांगाव्यात. तांब्याची तार पाण्यात डीसी प्रवाहाने लवकर झिजते. एक सळी पॉझिटिव्हला, दुसरी १० किलोओहममधून पहिल्या बेसला जोडावी, आणि त्या बेसपासून निगेटिव्हला १०० किलोओहम द्यावा. पहिल्या कलेक्टरवरून ४७ किलोओहम दुसऱ्या बेसला न्यावा. सळ्यांना पाणी लागले की पहिला ट्रान्झिस्टर चालू होऊन हिरवा लागतो, आणि दुसऱ्या बेसचा प्रवाह तुटून लाल विझतो.

खरी अडचण येथे येते. एवढेच जोडले तर लाल लागलेला असताना हिरवाही काजव्यासारखा मिणमिणतो, कारण दुसऱ्या बेसचा ०.२ मिलिअँपिअर प्रवाह हिरव्यातूनच जातो, आणि रात्री लांबून पाहणाऱ्याची त्याने हमखास फसगत होते. म्हणून हिरवा एलईडी व त्याचा रेझिस्टर या जोडीला समांतर ४.७ किलोओहमचा, म्हणजे पिवळा, जांभळा, लाल पट्ट्यांचा, रेझिस्टर लावावा. तो प्रवाह आता यातून जातो, त्यावर जेमतेम १ व्होल्ट पडतो आणि तेवढ्यावर हिरवा लागू शकत नाही.

टाकीवर बसवण्याआधी विहिरीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत सळ्या बुडवून पाहाव्यात. हिरवा मंद लागला किंवा लाल पुरता विझला नाही, तर सळ्या एकमेकींजवळ आणाव्यात.