पालेभाजीच्या देठांचा रस काढताना या चुका टाळा

भाजी निवडून झाली की ताटात पानांपेक्षा काड्याच जास्त उरतात. त्या गोळा करून मिक्सरला लावल्या की कचरा वाचला असं वाटतं. मग रस कडू निघतो, तासाभरात काळपट पडतो, नाहीतर गाळणं तुंबतं आणि सगळं शेवटी मोरीत ओतलं जातं. यात मिक्सरचा दोष क्वचित असतो. बहुतेकदा घोळ निवडतानाच झालेला असतो.

सगळे देठ एकाच भांड्यात टाकणे

रसासाठी सगळ्यात कामाचे देठ कोथिंबिरीचे. पानांइतकाच, किंबहुना जरा जास्तच स्वाद त्यांत असतो. पालक आणि चाकवताचे कोवळे देठ मऊ, पाणीदार असतात, तेही चालतात. मेथीच्या काडीचा मात्र शेंड्याकडचा चार बोटं भागच घ्या. खालची काडी चिवट असते आणि मूठभर पडली तरी अख्खा रस कडू करते. शेपूच्या चार-पाच काड्या पाव किलोला पुरतात, त्याहून जास्त घातल्या तर बाकी कशाचीच चव लागत नाही. पुदिन्याची जून काडी लाकडासारखी असते. ती मिक्सरला लावण्यापेक्षा कुंडीत खोचली तर फुटते तरी.

अंबाडीची काडी अजिबात नको. तिच्या सालीपासून वाख काढून दोर वळतात, हे खेड्यात कोणीही सांगेल. तोच धागा पात्याभोवती गुंडाळला जातो आणि मोटर गरम होते.

अळूचे देठ तर कच्चे कधीच रसात घालू नका. त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात, खाज सुटते, सूजही येते. फदफद्यात अळू चिंच घालून चांगलं शिजतं म्हणून चालतं. कच्च्या रसात वरून लिंबू पिळून ते भागत नाही.

माठाच्या जाड देठांचा रस काढणं हीसुद्धा आमच्या मते नासाडीच आहे. साल सोलून डाळीबरोबर शिजवले तर त्यांची भाजी रसापेक्षा कितीतरी चांगली होते.

पेंडी बांधलेली असतानाच धुणे

कृष्णाकाठची काळी माती चिकट असते. पेंडीच्या बांधाखाली, देठांच्या बेचक्यात ती घट्ट बसते आणि नळाखाली नुसतं धरून सुटत नाही. आधी बांध सोडा, मुळाकडचा दोन सेंटिमीटर भाग कापून टाका. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन देठ पाच मिनिटं बुडवून ठेवा. मग हाताने वर उचलून दुसऱ्या पाण्यात घाला. पातेलं चाळणीत उपडं केलं तर तळाला बसलेला गाळ पुन्हा देठांवरच येतो. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला. पावसाळ्यात तीन-चार पाणी लागतातच.

लांब काड्या तशाच भांड्यात कोंबणे

देठातले धागे उभे असतात, म्हणून आडवे कापा, दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. पाव किलो देठांना दीडशे मिलिलीटर गार पाणी आणि नखभर सातारी आलं पुरे. मिक्सर सलग फिरवू नका. दहा सेकंद फिरवायचा, थांबायचं, असं चार-पाच वेळा. सलग फिरवल्याने रस कोमट होतो, फेस वर येतो आणि वास कच्च्या गवतासारखा लागतो. फेस आलाच तर पाच मिनिटं ठेवून चमच्याने काढून टाका.

गाळायला धुतलेलं मलमल किंवा जुना सुती पंचा घ्या. चहाच्या गाळणीची भोकं चोथ्याने लगेच बुजतात. पाव किलोतून साधारण दीड कप रस निघतो. स्लो ज्यूसर असेल तर देठांच्या मधे काकडीचे तुकडे घालत राहा, धागे स्क्रूला अडकत नाहीत. जाळी मात्र वापरल्याबरोबर धुवा. वाळलेला हिरवा थर नंतर ब्रशनेही निघत नाही.

लिंबू आधीच पिळून ठेवणे

आंबटपणाने हिरवा रंग हळूहळू मातकट होतो. लिंबू प्यायच्या वेळी पिळा. पालकाचा रस पिऊन दातांवर खरखरीत लागत असेल तर ते ऑक्सलेटमुळे. अशा वेळी अर्धा रस, अर्धं ताक, चिमूटभर जिरेपूड. ताकातलं कॅल्शियम पालकातल्या ऑक्सलेटला धरून ठेवतं आणि चवही जमते.

रस ओट्यावर ठेवणे

पालेभाज्यांच्या देठांत पानांपेक्षा नायट्रेट जास्त असतं. उघडा रस उबेत राहिला की जिवाणू त्याचं अपायकारक नायट्राइट करतात. म्हणून काढला की प्या, नाहीतर लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि चोवीस तासांत संपवा. जास्त झाला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. त्या वड्या आमटीत किंवा कणीक मळताना पाण्याऐवजी चालतात. तान्ह्या बाळांना हा रस देऊ नका. मुतखडा झालेल्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये.

चोथा मोरीत किंवा थेट खतात टाकणे

मोरीच्या जाळीत हे धागे केसांसारखे गुंततात. कोथिंबीर-पालकाचा चोथा घट्ट पिळून थालीपिठात घाला, दोन वाट्या भाजणीला अर्धी वाटी. पीठ सैल वाटलं तर पाणी कमी करा, भाजणी वाढवू नका. खताच्या डब्यात टाकणार असाल तर नुसता ओला चोथा घातल्यास तो दाबून बसतो, हवा जात नाही आणि दोन दिवसांत वास सुटतो. एक वाटी चोथ्याला दोन-तीन वाट्या कोरडा पाला लागतो. उसाचं पाचट बारीक करून घातलं तर उत्तमच, आपल्या भागात ते विकत घ्यावं लागत नाही.